पाकिटाची हूल

"विकून टाक त्याला," विश्रामराव म्हणाले आणि पोह्यांवर लिंबू पिळायला लागले.

"कुणाला?" मंदाकिनीने विचारलं. तिला चांगलं ठाऊक होतं, पण नवऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"तुझ्या त्या पाकिटाला. तीन सामने हरवले त्याने आपल्याला. कंपनीत असतो तर मी अशी बॅच नापास करून गटारात ओतली असती."

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात विश्रामरावांनी सगळी नोकरी तपासनीस म्हणून केली होती. निवृत्त होऊन पंधरा वर्षं उलटली, तरी घरात आलेली कुठलीही वस्तू त्यांच्या लेखी पास तरी होती, नाहीतर नापास. दूधवाला पास, नवा मिक्सर नापास, मोठा जावई काठावर पास.

पाकीट म्हणजे एल्मर पिकेट. वय सव्वीस, उंची सहा फूट, वास्तव्य मंदाकिनीच्या लॅपटॉपमध्ये. खऱ्या जगात असा कुणी माणूस नव्हता. अमेरिकेतल्या त्यांच्या मुलीने, अंतराने, आईबाबांना एका गेममध्ये ओढलं होतं, त्यात तो कॉम्प्युटरने बनवून दिला होता. अंतराच्या ऑफिसातली मंडळी हा खेळ खेळायची. फुटबॉलचा संघ चालवायचा, पण हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. तिकडचा, लंबगोल चेंडूचा. चेंडू हातात घेऊन पळायचं, फेकायचं, झेलायचं, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं आणि असं सरकत सरकत समोरच्याची शेवटची रेघ ओलांडायची; ओलांडली की सहा गुण. स्वतः काही खेळायचं नाही. खेळाडू निवडायचे, चाली ठरवायच्या, सरावाचा बेत आखायचा. सामना कॉम्प्युटर खेळतो आणि काय घडलं ते ओळीओळीने पडद्यावर लिहीत जातो.

"दर रविवारी फोनवर हवापाणी आणि गुडघे याशिवाय आपल्याला विषयच नसतो, आई," अंतरा म्हणाली होती. "हे शिक. निदान भांडायला तरी होईल."

भांडायला झालं खरं, पण ते नवराबायकोत.

या खेळातला मुख्य माणूस क्वार्टरबॅक. प्रत्येक चेंडू आधी त्याच्या हातात येतो. कुणाला द्यायचा, कुणाकडे फेकायचा, हे त्यानेच बघायचं, आणि तेही समोरून धिप्पाड माणसं अंगावर येत असताना. गेममध्ये प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे शंभरपैकी गुण असतात: हाताची ताकद, पळण्याचा वेग, आणि एक बुद्धिमत्ता. पाकिटाचे ताकदीचे गुण होते एकेचाळीस. बुद्धिमत्तेचे चौऱ्याण्णव.

"चौऱ्याण्णव!" मंदाकिनी निवडीच्या दिवशी ओरडलीच होती. "अहो, एवढा हुशार आहे आणि अजून कुणी उचलला नाहीये!"

"का नाही उचलला, याचा विचार कर," विश्रामराव म्हणाले होते. "हात बघ त्याचा. माझी आई यापेक्षा लांब फेकायची लाटणं."

पण मंदाकिनीने त्यालाच घेतलं. त्याचं कारण तिने नवऱ्याला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात ते त्यांनी शंभरदा ऐकलं होतं. ती कोपरीची. ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, शाळेच्या मागच्या मैदानात ती खोखो खेळायची, आणि तिच्या संघात सगळ्यांत हळू पळणारी मुलगी तीच होती. तरीही ती कर्णधार होती. प्रधान सरांनी तिला एकदा सगळ्यांसमोर म्हटलेलं, "पळायला मला आठ जणी आहेत. बघायला एकच आहे." ते वाक्य तिने लग्नात आलेल्या चांदीच्या भांड्यांपेक्षा जास्त जपलं होतं. पडद्यावर पाकिटाचे ते दोन आकडे शेजारीशेजारी दिसले तेव्हा तिला वाटलं, हा आपल्यातला आहे. याला खेळवून दाखवायचं.

आणि आता तो हरत होता. नुसता हरत नव्हता, लाज आणत होता. चेंडू एकीकडे जात होता आणि झेलणारा दुसरीकडे पळत होता. डिक्सन नावाचा त्यांचा एक उंच खेळाडू तर मागच्या सामन्यात चेंडूकडे पाठ करून उभा होता, असं कॉम्प्युटरने स्वच्छ लिहिलं होतं.

"हे बघ," विश्रामरावांनी ताटली बाजूला सारली. "शिकागोचा तो अंतराचा मित्र त्याचा दांडगा क्वार्टरबॅक देतोय, आपल्या पाकिटाच्या बदल्यात. रविवारी संध्याकाळपर्यंत हो म्हणायचंय. बुद्धी बावन्न आहे, पण हात अठ्ठ्याऐंशी. मी म्हणतो, हो म्हण."

"रविवारी सकाळी आपला सामना आहे."

"आहे ना. तुझ्याच मैत्रिणीशी. जिंकलीस तर ठेव त्याला, मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही. हरलीस तर माझ्या हाताने विकणार. कबूल?"

मंदाकिनीने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. गेमचा पासवर्ड तिच्याकडेच होता. पण नाही म्हणणं म्हणजे पाकिटावर आपला भरवसा नाही असं सांगण्यासारखं होतं.

"कबूल," ती म्हणाली. "आणि जिंकले तर महिनाभर पोहे तुम्ही करायचे."

मैत्रीण म्हणजे रसिका. तीही कोपरीची, आणि अजून कोपरीतच. खोखोच्या संघातली सगळ्यांत वेगवान पोरगी. खांबावर सूर मारायची तेव्हा तिचे कोपर आणि गुडघे कायम सोललेले असायचे. मंदाकिनीने तिला या गेममध्ये ओढलं होतं आणि आता पस्तावत होती, कारण रसिकाचा संघ, 'कोपरी कडाडा', एकामागून एक सामने मारत चालला होता. तिचा क्वार्टरबॅक ब्रॉक हॅम्बी. रसिका त्याला हंबीरराव म्हणायची. ताकद पंचाण्णव, बुद्धी अडतीस.

"माझा हंबीरराव विचार करत नाही गो," रसिका फोनवर सांगायची. "चेंडू आला की फेकतो. कुठे फेकतो ते त्यालाही ठाऊक नसतं, मग समोरच्याला कसं कळणार?"

त्या दिवशी दुपारीही तिचा फोन आला. चिडवायलाच.

"काय मंदे, पाकीट मारलं का कुणी?"

"हस तू. रविवारी बघू."

"अगो, मी बघितला तुझा मागचा सामना. सगळा वाचून काढला. तुझं पोरगं दर वेळी शेवटच्या क्षणी चाल बदलतं. बदलतंच बदलतं!"

"बदलणारच. तो समोर कोण कुठे उभं आहे ते बघतो आणि बदलतो. तशी मुभा दिलीय मी त्याला. हुशार माणसाच्या हातात वही देऊन वाच म्हणायचं का? भरपूर चाली दिल्यात, ऐनवेळी हवी ती निवडू दे."

पलीकडून रसिकाचं खळखळून हसणं आलं. सत्तरी ओलांडली तरी हसणं तेच होतं, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारं.

"तू काही सुधारली नाहीस हां. आठवतं का, तू हूल द्यायचीस ती? एकीच्या पाठीशी हात न्यायचीस, आणि खो मात्र पुढचीला. काय तरी तुझी अक्कल! समोरची पोर फसायची नंतर, मंदे. आधी फसायचो आम्ही. ती बिचारी प्रमिला किती वेळा खो न मिळताच उठली, आणि किती फाऊल झाले आपले!"

मंदाकिनी फोन कानाला लावूनच उठून उभी राहिली.

"हॅलो? रागावलीस काय गो?"

"नाही," मंदाकिनी म्हणाली. "रसिका, मी तुला नंतर फोन करते."

फोन ठेवून ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली. खाली सोसायटीच्या गेटपाशी भाजीवाल्याची गाडी लागली होती, पण तिला दिसत होतं ते कोपरीचं मैदान. आठ जणी उकिडव्या बसलेल्या, एक या बाजूला तोंड करून, दुसरी त्या बाजूला. त्यांना मागचं दिसत नाही. मागून पळत येणाऱ्या मुलीच्या डोक्यात काय चाललंय ते त्यांना कळणार कसं? पाठीवर हात पडेल आणि 'खो' ऐकू येईल तेवढंच त्यांच्या वाट्याचं. मंदाकिनीची हूल कितीही सुंदर असो, ज्या पाठीसाठी ती नव्हती ती पाठ दचकून उठायची.

प्रधान सरांनी तेव्हा काय केलं होतं? मंदाकिनीला ओरडले नव्हते. "हूल देऊ नकोस" असंही म्हणाले नव्हते. त्यांनी बसणाऱ्या सगळ्यांना डोळे मिटायला लावले. महिनाभर, रोज शाळा सुटल्यावर. डोळे मिटून बसायचं, पावलं ऐकायची, पण तळवा पूर्ण टेकल्याशिवाय आणि शब्द कानावर आल्याशिवाय जागचं हलायचं नाही. आणि मंदाकिनीला बजावलं, "दोनच हुली ठेव. बाकीच्या तुझ्या वहीत राहू देत. या दोन मात्र प्रत्येकीच्या पाठीला पाठ झाल्या पाहिजेत." पाठीला पाठ, हा सरांचा विनोद. मुलींना तो समजायला दोन दिवस लागले होते. त्यानंतर जिल्ह्यात त्या कुणाकडूनही हरल्या नाहीत.

मंदाकिनी आत आली आणि लॅपटॉप उघडला.

चालींचं पान उघडल्यावर तिला स्वतःचंच हसू आलं. पाकिटाला चौऱ्याण्णव गुण आहेत म्हणून तिने लग्नाच्या पंगतीसारखं वाढलं होतं त्याला: गेममध्ये असतील नसतील तेवढ्या चाली. प्रत्येक चालीपुढे एक बारीकशी पट्टी होती, संघाला ती चाल किती सवयीची झाली आहे ते दाखवणारी. तिने त्या पट्ट्यांकडे आजवर ढुंकूनही पाहिलं नव्हतं. सगळ्या जवळजवळ रिकाम्या होत्या. पाकीट समोरचं ओळखून चाल बदलत होता, आणि बरोबर बदलत होता. पण त्याने हाक दिलेली ती चाल डिक्सनने आयुष्यात कधी केलेलीच नव्हती. डिक्सनची बुद्धी सव्वीस होती. तो बिचारा प्रमिलासारखा दचकून उठत होता.

"अहो, इकडे या जरा."

विश्रामराव चष्मा पुसत आले. तिने एकेक चाल पुसायला सुरुवात केली तसे ते दचकले.

"अगं, अगं! हे काय करतेस? सगळंच काढून टाकतेस?"

"सहा ठेवतेय. आठवडाभर या सहाच घोकायच्या. दुसरा सराव नाही."

"सहा चालींत एवढ्या हुशार माणसाचा काय उपयोग? मग तर कुणीही चालेल. मग हातच बघायचा ना!"

"उपयोग आहे. सहांपैकी कुठली, ते तोच ठरवणार. ऐनवेळी बदलायची मुभा मी काढत नाहीये."

"मंदा, त्यानेच तर वाट लागली ना!"

"त्याने नाही लागली. तो बोलत होता आणि बाकीच्यांना त्याची भाषा येत नव्हती." तिने नवऱ्याकडे वळून बघितलं. "तुम्ही कारखान्यात रंग उत्तम बनवायचात. पण डब्यावर चुकीचं लेबल लागलं तर तुमच्या रंगाला नापास कराल का?"

विश्रामरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. खुर्ची ओढून शेजारी बसले, आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "ती चौथी चाल कशाला ठेवलीस? नुसती समोर घुसायची. चार-दोन यार्डांसाठी."

"ती ठेवलीय," मंदाकिनी म्हणाली, "कारण पाचवी तिच्यासारखीच दिसते."

पाचव्या चालीत चेंडू घेऊन समोर घुसल्याचं फक्त नाटक असतं. क्वार्टरबॅक चेंडू पळणाऱ्याला दिल्यासारखं करतो, समोरचे सगळे त्याच्यावर झेपावतात, आणि चेंडू असतो क्वार्टरबॅककडेच. मग तो त्यांच्या डोक्यावरून हळूच पलीकडे टाकायचा. जवळचीच फेक. एकेचाळीस ताकदीच्या हातालाही जमेल अशी.

आठवडाभर पट्ट्या भरत गेल्या. सकाळी चहा घेतल्यावर पहिल्यांदा त्या बघायच्या, हा दोघांचाही नेम झाला. "डिक्सन सुधारतोय," विश्रामराव एकदा स्वतःहून म्हणाले, आणि लगेच वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

रविवारी सकाळी सामना सुरू झाला. रसिकाने सुरुवातीलाच फोन लावून स्पीकरवर ठेवायला सांगितलं होतं. कोपरीतल्या तिच्या घरातून कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत होती. हंबीररावाने पहिल्याच मिनिटांत एक फेक अशी मारली की कॉम्प्युटरने दोन ओळी फक्त तिच्या लांबीबद्दल लिहिल्या.

"बघितलास हात?" रसिका ओरडली.

"बघितला. तुझे कोपर सोलले नाहीत ना?"

पण पाकीट शांत होता. कधी पाच यार्ड, कधी आठ. फेकायचा जवळच, पण जिथे फेकायचा तिथे माणूस असायचा. चार वेळा त्याने ऐनवेळी चाल बदलली आणि चारही वेळा डिक्सन योग्य दिशेला पळाला. विश्रामराव आता खुर्चीत नव्हते, खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. हंबीररावाने दोनदा चेंडू सरळ मंदाकिनीच्याच माणसांच्या हातात फेकला. आपला माणूस आणि परका माणूस यांत तो फारसा भेद करत नसे. तरीही सामन्याच्या शेवटी रसिका चार गुणांनी पुढे होती. वेळ संपत आलेली, चेंडू मंदाकिनीच्या संघाकडे, आणि रसिकाची शेवटची रेघ अवघ्या तीन यार्डांवर. शेवटचा प्रयत्न.

खेळ थांबला. गेमने विचारलं, सूचना बदलायच्यात का?

"मंदा," विश्रामराव तिच्या कानाशी पुटपुटले, पलीकडे रसिकाला ऐकू जाऊ नये म्हणून. "चौथी चाल दे. नुसतं घुसायचं. आणि आता बदलायची मुभा काढ. एवढं माझं ऐक. तीन यार्ड आहेत, त्याला डोकं चालवू देऊ नकोस."

मंदाकिनीने चौथी चाल दिली. मुभेच्या खुणेवर तिचं बोट गेलं, आणि थांबलं. एकेकाळी प्रधान सर तिला शेवटच्या पाळीत बाहेर बसवू शकले असते; पळणाऱ्या आठ जणी होत्याच. बसवलं नव्हतं.

"मुभा राहू दे," ती म्हणाली आणि सामना पुढे चालू केला.

पडद्यावर ओळ उमटली: संघ घुसायच्या तयारीत उभा. दुसरी ओळ: कोपरी कडाडाचे सगळे पुढे सरसावलेले. तिसरी ओळ यायला उगाचच उशीर लागला. मग ती आली: पिकेटने चाल बदलली.

"गेलं," विश्रामराव म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

पिकेट चेंडू पळणाऱ्याच्या हातात देतो. नाही, देत नाही. कोपरीचे सहा जण पळणाऱ्यावर पडतात. पिकेट मागे सरतो. डिक्सन रेघेपलीकडे एकटा.

"खो!" विश्रामराव डोळे मिटलेलेच ठेवून ओरडले. आपण काय ओरडलो ते त्यांनाही नंतर कळलं.

डिक्सनने झेलला.

फोनमधून कुकरची शिट्टी वाजली. विश्रामरावांनी डोळे उघडले, पडद्यावरचे गुण एकदा वाचले, चष्मा काढून पुन्हा वाचले. मग बायकोच्या हातावरून हात पुढे करून त्यांनी स्वतःच शिकागोच्या मित्राचा निरोप उघडला आणि 'नको' वर बोट दाबलं.

"पास," ते म्हणाले.

"पोहे," मंदाकिनी म्हणाली. "आणि शेंगदाणे जरा जास्त टाका."

ते स्वयंपाकघरात गेल्यावर रसिकाचा आवाज आला, आता चिडवणारा नव्हता, खरोखर चौकशी करणारा.

"मंदे, ती हूलच होती ना गो?"

"होती."

"तुझ्या त्या दोन हुलींमधली पहिली. हात इकडे, खो तिकडे. इतकी वर्षं पाठीवर घेतली मी ती. मग आज मला कशी नाही कळली?"

मंदाकिनी हसली. स्वयंपाकघरातून विश्रामराव ओरडून विचारत होते, मोहरी कुठल्या डब्यात आहे.

"आज तू समोर होतीस ना," ती म्हणाली. "आमच्यात बसली असतीस, तर कळली असती."